खेळाचा इतिहास पाहायला निघताय? पुणे, मुंबई, कोल्हापूर आणि कराडसाठी वाटाड्या

क्रिकेटचं संग्रहालय पाहून आलेल्याला 'काय पाहिलंत?' असं विचारा, बहुतेक वेळा उत्तर येतं, 'सचिनची बॅट.' त्यापलीकडे काही आठवत नाही. पाहणाऱ्याचा यात फारसा दोष नसतो. खेळाच्या संग्रहालयात वस्तू दाटीवाटीनं मांडलेल्या असतात, पाट्या छोट्या असतात, आणि आपण काय शोधायला आलोय हे ठरवलेलं नसतं. दुसरी अडचण अशी की आपल्याकडे खेळाचा निम्मा इतिहास काचेच्या कपाटात आलेलाच नाही. तो तालमींच्या भिंतींवर, जिमखान्यांच्या ढाल-चषकांवर आणि वयस्कर वस्तादांच्या आठवणींत आहे. तिथे तिकीटखिडकी नसते, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा दारातच अडखळतो. ही सगळी ठिकाणं मी हौसेनं पालथी घातली आहेत. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो.

१. निघण्याआधी एक प्रश्न ठरवा

एकच पुरे, पण नेमका हवा. 'मुंबई क्रिकेटचा इतिहास' हा प्रश्न होत नाही. 'पळवणकर बाळूंची आठवण आज कुठे दिसते?' हा होतो. बाळू चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करायचे. तेव्हा धर्मावार संघ असत, पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज पडली. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. एवढं डोक्यात ठेवून गेलात, तर प्रत्येक दालनात तुमची नजर काहीतरी शोधत राहील. ते सापडलं नाही, तर तीही नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

आणखी एक प्रश्न सुचवतो, पुणेकरांसाठी. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या विक्रमाशी बरोबरी करायला ९ धावा हव्या होत्या. तेवढ्यात प्रतिस्पर्धी कर्णधारानं सामना सोडून दिला. निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे, आणि त्यांना कसोटी संघात एकदाही जागा मिळाली नाही. त्या डावाची खूण आज पुण्यात कुठे सापडते?

२. कुठे काय आहे

पुण्यात सहकारनगरमध्ये 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. रोहन पाटे यांनी जमवलेला हा खासगी संग्रह असून २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सह्या केलेल्या बॅटी, जर्सी, चेंडू, ग्लोव्हज यांचा इथे मोठा साठा आहे. मुलांना घेऊन जायला याहून सोपी जागा नाही. मात्र हा संग्रह जगभरच्या क्रिकेटचा आहे. पुण्याचा धागा हवा असेल तर तो तुम्हीच हातात धरून आत जायचं. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, हे ठाऊक असलेला माणूस तीच कपाटं वेगळ्या नजरेनं पाहतो.

पुण्यातलं दुसरं ठिकाण म्हणजे डेक्कन जिमखाना. रोज हजारो लोक 'डेक्कन'ला उतरतात, पण १९०६ साली स्थापन झालेल्या या क्रीडासंस्थेनं काय केलंय हे फार थोड्यांना माहीत असतं. इथल्या क्रीडास्पर्धांना उद्योगपती दोराबजी टाटा आले, तिथून हालचाल सुरू झाली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते आणि कुस्तीगीर रणधीर शिंदेही होते. लक्षात ठेवा, हा सभासदांचा क्लब आहे, संग्रहालय नव्हे. परवानगीशिवाय आत फिरता येणार नाही.

मुंबईत वानखेडे स्टेडियममध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनचं शरद पवार क्रिकेट संग्रहालय २०२५ मध्ये सुरू झालं. ते पाहून लगेच घरी परतू नका. तिथून मरीन ड्राइव्हला या आणि समुद्र डावीकडे ठेवून चौपाटीच्या दिशेनं चाला. हिंदू, इस्लाम, पारशी अशा जिमखान्यांची मैदानं एकाशेजारी एक लागतात. धर्मावार संघ करून खेळायचे ते दिवस होते. १९१२ पासून चौरंगी (चार संघांचे) आणि १९३७ पासून पंचरंगी (पाच संघांचे) सामने झाले, १९४६ नंतर ते बंद पडले. कपाटातल्या फोटोंचा अर्थ या रस्त्यावर चालताना उलगडतो. हातात वेळ असेल तर आझाद मैदानाकडे वळा. त्याच्या कडेलाच बॉम्बे जिमखाना आहे. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये तिथे झाली आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या. जिमखान्यात सहज शिरता येत नाही, पण आझाद मैदानात कुणीही शिरावं. एकाच वेळी कितीतरी सामने चाललेले असतात, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. पावसाळ्यात गेलात तर त्या दिवसांतल्या खेळाचा अंदाज येईल. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा याच ओल्या, झाकण नसलेल्या खेळपट्ट्यांवरची. ओल्या विकेटवर कसं टिकायचं हे मुंबईचे फलंदाज इथेच शिकले.

कोल्हापूर हा माझ्या मते या वाटेवरचा सगळ्यात भरीव टप्पा. न्यू पॅलेसमधलं संग्रहालय आणि कसबा बावड्यातलं राजर्षी शाहूंचं जन्मस्थळ आधी पाहा. महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला म्हणजे काय केलं, हे कळायला त्यांचा काळ समजून घ्यावा लागतो. मग खासबाग मैदानात जा. १९०२ च्या युरोप दौऱ्यात पाहिलेल्या रोमच्या रंगमंडलावरून महाराजांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९०७ ते १९१२ या काळात मैदान बांधून झालं. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती गोलाकार चढत जाणारी बसण्याची जागा. सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसा आणि हौद्याकडे पाहा. मध्ये कुणाचंही डोकं येत नाही. हजारो माणसांना दोन पैलवानांची पकड नीट दिसावी, एवढ्याचसाठी हे सगळं बांधकाम केलेलं आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, त्या आगीची झळ मैदानाच्या बाजूलाही लागली. त्यामुळे प्रवेश कुठल्या बाजूनं आहे आणि काम चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.

कराडजवळचं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. या प्रवासाला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस, आता तो महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी कार्यक्रम असतात आणि गर्दीही असते. निवांत पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. जाधवांचं घर हे राहतं घर आहे. आधी निरोप न देता दारात उभं राहू नका.

३. फोन, पत्र आणि पिशवी

इंटरनेटवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. खासगी संग्रहालय एखाद्या कार्यक्रमासाठी अचानक बंद असतं, सरकारी ठिकाणाला साप्ताहिक सुटी असते, आणि स्टेडियममधलं संग्रहालय सामन्याच्या दिवसांत नेहमीसारखं उघडं असेलच असं नाही. आदल्या दिवशी फोन करा आणि चारच गोष्टी विचारा: उद्या उघडं आहे का, तिकीट दारात मिळतं की आधी काढायचं, फोटो काढू देतात का, आणि माहिती सांगणारं कुणी असतं का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात, खरं तर तोच सगळ्यात उपयोगाचा आहे. सांगणारा माणूस ज्या वेळी असतो तीच वेळ मागून घ्या.

जिमखाने, तालमी, व्यायामशाळा यांच्यासाठी पत्र लागतं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था १९१४ पासून चालू आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. अशा ठिकाणी जुने कागद असतात, पण ते वाटेल त्याला काढून दाखवत नाहीत. पत्र छोटं असावं. मी साधारण असं लिहितो:

*मा. अध्यक्ष / वस्ताद यांस,*
*विषय: संस्थेतील जुने फोटो व चषक पाहण्याची परवानगी मिळण्याबाबत.*
*महोदय, मी अमुक गावचा रहिवासी असून आपल्या संस्थेच्या १९५० पूर्वीच्या कुस्तीविषयी माहिती जमवीत आहे. अमुक तारखेस सकाळी तासभर येण्याची इच्छा आहे. कोणतीही वस्तू हलवणार नाही. फोटो आपण सांगाल तेवढेच काढीन. कळावे.*

वर्ष, तारीख आणि किती वेळ हे लिहिल्यानं फरक पडतो. 'आपल्या संस्थेचा इतिहास पाहायचा आहे' एवढंच लिहिलं तर समोरच्याला काय काढून ठेवायचं तेच कळत नाही. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या.

बरोबर न्यायच्या वस्तू:
- सरकारी ओळखपत्र आणि त्याची एक झेरॉक्स
- पत्राच्या दोन प्रती (एकीवर पोच घ्या)
- वही आणि पेन्सिल. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन उघडू नये
- पूर्ण चार्ज केलेला मोबाइल
- सुटे पैसे. तालमीत देणगीपेटी असते
- पटकन काढता येतील अशा चपला

४. कपाटासमोर काय पाहायचं

आधी वस्तू पाहा, पाटी नंतर वाचा. बॅट घेऊ. तिच्या कडा किती जाड आहेत ते बघा. जुन्या बॅटी पातळ कडांच्या असतात, हल्लीच्या बॅटींच्या कडा बोटभर जाड. मग पात्याचा मधला भाग पाहा. तिथे चेंडूचे लाल डाग, बारीक चिरा, तेलानं आलेला काळपटपणा असेल तर ती बॅट खेळलेली आहे. पातं स्वच्छ आणि त्यावर ठसठशीत सही असेल, तर बहुधा ती फक्त सहीसाठी पुढे धरलेली. दोन्हींना आपापली किंमत आहे, पण पाटीवर 'या बॅटीनं शतक ठोकलं' असं लिहिलेलं असेल तेव्हा हा फरक डोळ्यांनी तपासता येतो.

चषक आणि ढाली लोक सर्रास ओलांडून पुढे जातात. थांबा. मोठ्या ढालीच्या कडेनं छोट्या चकत्या असतात आणि प्रत्येकीवर वर्ष आणि विजेत्याचं नाव कोरलेलं असतं. ती वर्षं क्रमानं वाचत जा. मध्येच काही वर्षं गळलेली असतील तर का, हे विचारा. साथ, महायुद्ध, दंगल, संस्थेतली भांडणं, काहीही कारण निघू शकतं आणि ते सहसा कुठे छापलेलं नसतं. चषकाच्या बुडाशी बहुतेक वेळा 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं देणाऱ्याचं नाव असतं. त्या काळी गावात खेळावर पैसा कोण लावत होतं, ते यातून समजतं.

संघाच्या फोटोखाली 'बसलेले डावीकडून' अशी यादी असते. फोटोतली डोकी मोजा, यादीतली नावं मोजा. कडेला उभा असलेला एखादा माणूस यादीत नसतो. कधी तो मैदानाची निगा राखणारा, कधी मालिश करणारा, कधी गुणलेखक. संग्रहालयातल्या माणसाला त्याच्याबद्दल विचारा. मला सगळ्यात मोलाची माहिती याच प्रश्नातून मिळत आली आहे.

५. तालमीत पाऊल ठेवताना

कोल्हापुरात गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग या नावाजलेल्या तालमी. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९५९) आणि त्यांच्या पुढच्याच वर्षी हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर याच शहराच्या मातीत वाढले. तालीम पाहायची ती सरावाच्या वेळी, म्हणजे भल्या पहाटे किंवा दुपार कलल्यावर. दुपारी पोरं खुराक घेऊन झोपलेली असतात, तेव्हा जाऊन त्यांची झोप मोडू नका.

दारात चपला काढा. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवायला सांगतील, वाद घालू नका. समोर मारुतीची तसबीर किंवा मूर्ती असते, आधी तिथे हात जोडा. हौद्याच्या कट्ट्यावर बसायचं असेल तर विचारून बसा, हौद्यात मात्र विचारूनही उतरू नका. ती माती म्हणजे अंगणातली माती नव्हे. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं बरंच काही मुरवलेलं असतं, आणि ती रोज खणून मऊ करावी लागते. सकाळी पोरं फावड्यानं हौदा उकरत असतात तेव्हा ओलसर, आंबूस वास सुटतो. पैलवान उतरण्याआधी चिमूटभर माती कपाळाला लावतो, मग जोडीदाराच्या अंगावर टाकतो. घामानं निसटणारी पकड त्या मातीमुळे बसते.

भिंतीवरचे फोटो पाहताना प्रत्येकाखालचं गाव वाचा. पैलवान कोल्हापुरात राहायचा, पण त्याचं गाव सांगली, सातारा, सोलापूर, कधी सीमेपलीकडचं बेळगाव असायचं. कोपऱ्यात मुदगल, दगडी गोळे, गदा असतात. उचलून बघण्याचा मोह आवरा. गदा मानाची असते आणि मुदगल अंगावर पडलं तर दुखापत ठरलेली. चुरमडलेल्या कानांबद्दल थट्टा करू नका, ते वर्षानुवर्षांच्या घासाघाशीचं फळ आहे.

महिलांसाठी एक सूचना. काही तालमींत अजून बायकांना आत घेण्याचा प्रघात नाही, काहींत मुली स्वतः सराव करतात. फोनवर स्पष्ट विचारा. बायकांना आत न घेणं मला पटत नाही आणि ते बदलायला हवं असं वाटतं, पण दारातून परत फिरण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथेच उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून पेला हातात देतात. पैलवानी खुराकाचं शहर म्हणजे काय, ते इथे चवीनं कळतं.

तालीम म्हणजे फक्त कुस्ती, असंही समजू नका. कोल्हापुरात तालीम मंडळ म्हणजे पेठेची संस्था. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत! हंगामात छत्रपती शाहू स्टेडियमवर यांचे सामने पाहायला पेठाच्या पेठा उतरतात. कुस्तीची तालीम फुटबॉलचा संघ कशी झाली, हा प्रश्न घेऊन एखादी संध्याकाळ प्रेक्षकांत बसा. शेजारचे आजोबा स्वतःहून बोलायला लागतील.

६. जुन्या माणसांशी बोलताना

वस्तादांना 'वस्ताद' म्हणूनच हाक मारा. 'सर' म्हटलं की अंतर पडतं. पहिला प्रश्न तेच विचारतील, 'कुठनं आलासा?' गाव सांगा, घरातलं कुणी कुस्ती खेळलं असेल तर तेही सांगा. त्यानंतर गप्पा आपोआप सुरू होतात. 'तुमची सगळ्यात मोठी कुस्ती कुठली?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी डाव विचारा: ढाक कशी लावायची, कलाजंग कधी मारायचा, घिस्सा कुणाचा चांगला होता. वस्ताद उठून हातानं करून दाखवतील आणि दाखवता दाखवता माणसांची, मैदानांची, इनामाच्या रकमांची नावं निघतील.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर परवानगी मागा आणि मोबाइल समोर दिसेल असा ठेवा. कुस्ती बरोबरीत सुटली की सोडवली, पंचाचा निकाल बरोबर होता की नाही, यावर चाळीस वर्षांनंतरही मतभेद असतात. तुम्ही बाजू घेऊ नका. दोन्ही बाजू लिहून घ्या, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं यासकट.

७. परत आल्यावर

त्याच दिवशी टिपणं साफ करा. ऐकलेली वर्षं आणि आकडे दुसऱ्या ठिकाणी पडताळा: क्रिकेटसाठी धावफलक, कुस्तीसाठी त्या वेळची वर्तमानपत्रं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतात, तारीख अंदाजे माहीत असली तरी शोध लागतो. स्मरणातलं वर्ष एखाद-दोन वर्षांनी पुढेमागे होणं अगदी नेहमीचं आहे. संग्रहालयातल्या पाटीवरही चूक असू शकते. आढळली तर पुराव्याची झेरॉक्स जोडून सौम्य शब्दांत कळवा.

आणि तुम्ही काढलेल्या फोटोंच्या प्रिंट काढून त्या तालमीला किंवा क्लबला पाठवा. मागे पेन्सिलीनं तारीख, जागा आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहा, हौदा खणणाऱ्या पोराचंही.